नितळ पाण्यातले ४६ तास

मे महिन्यातला रविवार, सकाळचे सहा. भिवंडीत कामतघरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बंद घरात, २०० लिटरच्या समुद्री टाकीतले सहाही मासे मेलेले आहेत. रात्री साडेचार तास लाईट गेली होती. घरचे लग्नाहून परततील तेव्हा एकच निष्कर्ष काढतील: लाईटनं मासे मारले.

तो निष्कर्ष अपुरा आहे. लाईट गेली तेव्हा या टाकीची घसरण सुरू होऊन चाळीस तास झाले होते. लाईटनं फक्त शेवटचा आधार काढून घेतला.

हे घर नमुन्यादाखल उभं केलेलं आहे, कुणा एकाचं नाही. पण यातली प्रत्येक चूक समुद्री मासे पाळणारे लोक नेहमी करतात, आणि त्या चुकांनंतर पाण्यात जे घडतं ते ठरलेल्या नियमांनी घडतं. म्हणून ते तासागणिक पाहायला हवं. मासे एका क्षणात मेल्यासारखे वाटतात. मागे जाऊन पाहिलं की त्यांना वाचवण्याच्या किती संधी होत्या ते कळतं.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, पावणेदोन फूट उंच. आत क्लाऊन फिशची जोडी, चार निळे डॅमसेल आणि एक कोळंबी. खडक सिरॅमिकचे आहेत, आणि ते योग्यच आहे. खडक बांधणारं प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्री घोडे हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते काढून घरात ठेवणं गुन्हा आहे. पाण्याला खेळतं ठेवणारा वेव्हमेकर, खाली कपाटात कॅनिस्टर फिल्टर, मागच्या काचेला टांगलेला स्किमर आणि पाणी थंड ठेवायला वरून वारा मारणारा छोटा पंखा. सगळं विजेवर.

शुक्रवार, सकाळी ८. उरले ४६ तास

आकडे उत्तम आहेत. तापमान २७ अंश, क्षारता हजारी ३५, पीएच ८.१, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. खुल्या समुद्राची क्षारताही साधारण ३५ च असते.

उद्या वाड्याला लग्न आहे, रविवारी दुपारपर्यंत घर बंद राहणार. जाण्याआधी टाकी लख्ख करून जाऊ, म्हणून फिल्टर उघडला जातो. स्पंज आणि सिरॅमिकच्या कड्या मोरीत नेऊन नळाखाली खळखळून धुतल्या जातात. तपकिरी पाणी वाहून जातं, कड्या पांढऱ्या निघतात. घरातल्यांना समाधान वाटतं.

पहिली चूक इथे झाली, आणि ती चांगल्या हेतूनं झाली. तो तपकिरी थर नुसती घाण नव्हता. माशांच्या मलमूत्रातून आणि कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर पडतो. त्याचं नायट्राइट करणारे एक प्रकारचे जिवाणू आणि नायट्राइटचं तुलनेनं निरुपद्रवी नायट्रेट करणारे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या कड्यांवर महिन्यांच्या मेहनतीनं वसलेले असतात. भिवंडीला स्टेम प्राधिकरणाकडून आणि मुंबई महापालिकेच्या जलवाहिन्यांतून पाणी येतं. ते पिण्यायोग्य राहावं म्हणून त्यात क्लोरीन असतं. जिवाणू मारणं हेच क्लोरीनचं काम. ते आपल्या उपयोगाचे आणि अपायाचे असा भेद करत नाही.

योग्य रीत सोपी आहे. पाणी बदलताना टाकीतूनच काढलेलं बादलीभर खारं पाणी घ्यायचं, त्यात फक्त स्पंज पिळून काढायचा, कड्यांना हात लावायचा नाही. आणि गावाला जायच्या आदल्या दिवशी तर काहीच धुवायचं नाही. कोणताही बदल केल्यावर टाकीकडे लक्ष ठेवायला दोन-तीन दिवस घरात माणूस असावा लागतो.

शुक्रवार, रात्री ९. उरले ३३ तास

अमोनिया आता लिटरला पाव मिलिग्रॅम झाला आहे. खडकांवरचे जिवाणू शाबूत असल्यानं तो भडकलेला नाही, पण शून्यही राहिलेला नाही. कुणी मोजत नाही, कारण सकाळीच मोजलं होतं.

समुद्री टाकीत गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा हा पाव मिलिग्रॅम जास्त महाग का पडतो, हे समजून घ्यायला हवं. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप कल्ल्यांतून सहज आत शिरतं आणि विषारी असतं. दुसरं, विद्युतभारित रूप त्या मानानं निरुपद्रवी असतं. पीएच आणि तापमान वाढलं की विषारी रूपाचा वाटा वाढतो. समुद्राचं पाणी मुळातच अल्कधर्मी. त्यामुळे गोड्या पाण्याच्या टाकीत चालून गेलेली चूक इथे चालत नाही.

शनिवार, सकाळी ७. उरले २३ तास

निघायची घाई. मासे दोन दिवस उपाशी राहतील या काळजीनं नेहमीच्या दुप्पट खाणं टाकलं जातं. निम्मं मासे खातात, निम्मं खडकांच्या फटींत आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतं.

सुदृढ क्लाऊन फिश दोन-तीन दिवस काही न खाता आरामात राहतो. उपाशी माशामुळे पाण्यावर ताण येत नाही. न खाल्लेलं अन्न मात्र कुजतं, कुजताना अमोनिया सोडतं, आणि ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. दोन दिवसांसाठी बाहेर जाताना माशांवर सर्वांत मोठी माया म्हणजे त्यांना काही न देता दार ओढून घेणं.

खिडक्या लावल्या जातात. घर बंद असताना पंखा कशाला फिरवायचा, म्हणून टाकीवरचा पंखाही बंद होतो. किल्ली शेजारच्या काकूंकडे.

शनिवार, दुपारी २. उरले १६ तास

बंद खोली तापली आहे. वरचा वारा थांबल्यानं पाणी ३० अंशांवर गेलं आहे आणि अजून चढतं आहे.

या तापमानाला ३५ क्षारतेच्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त किती मावतो? लिटरला साधारण ६.२ मिलिग्रॅम. गोड्या पाण्यात याच तापमानाला साडेसातच्या आसपास मावतो. मीठ आणि उष्णता दोन्ही मिळून तो कमी करतात. आता २०० लिटरचा हिशोब करू. संपूर्ण टाकीत, काठोकाठ, सव्वा ग्रॅम प्राणवायू. सहा मासे, एक कोळंबी, अब्जावधी जिवाणू आणि कुजणारं अन्न, सगळ्यांनी मिळून वापरायचा तो एवढा साठा. दिवसभर हा साठा संपत नाही, कारण वेव्हमेकर पृष्ठभाग ढवळतो आणि हवेतून नवा प्राणवायू विरघळत राहतो. जेवढा खर्च तेवढी भरपाई. टाकीचं स्थैर्य म्हणतात ते हेच. ती स्तब्धता नसते, क्षणाक्षणाला चाललेली भरपाई असते.

समुद्राला ही भरपाई आकारानं मिळते. लक्षद्वीपच्या खडकांभोवती दुपारचं ऊन कितीही तापलं तरी मागे अथांग पाणी असतं. तिथे दिवसाभरातला फरक फार छोटा राहतो. तिथले जीव अशा जगात घडले जिथे बदल सावकाश होतात. आपल्या तीन फुटी टाकीच्या मागे तसं काहीच नाही. समुद्राच्या आकाराची जागा इथे माणसाच्या नियमितपणाला घ्यावी लागते.

शनिवार, संध्याकाळी ७. उरले ११ तास

काकू दार उघडून पाहून जातात. लग्नघरातून फोन येतो.

“काकू, मासे ठीक आहेत ना?”

“हो रे, मस्त फिरतायत. जरा भुकेजलेले वाटले, म्हणून थोडं जास्तच घातलं.”

“आणि पाणी?”

“एकदम नितळ. तळातला खडा दिसतोय.”

काकूंनी पाहिलं ते खरं सांगितलं. पण अमोनियाला रंग नाही, प्राणवायूला रंग नाही, क्षारतेलाही नाही. समुद्री टाकीत डोळ्यांना दिसणारी स्वच्छता आणि माशांना मिळणारं पाणी यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

एक गोष्ट मात्र दिसण्यासारखी होती. पाण्याची पातळी जवळजवळ दोन सेंटिमीटर उतरली आहे. या आकाराच्या टाकीत दोन सेंटिमीटर म्हणजे आठ लिटर. वाफ होऊन गेलं ते शुद्ध पाणी. मीठ सगळं मागे राहिलं. म्हणजे ३५ ची क्षारता साडेछत्तीसजवळ पोचली. सावकाश झालेल्या एवढ्या बदलानं मासे मरत नाहीत, पण आधीच ताणात असलेल्या माशाला शरीरातला क्षारांचा तोल राखायला आणखी कष्ट पडतात. शिवाय पातळी उतरल्यानं काचेला टांगलेल्या स्किमरला पुरेसं पाणी मिळत नाही. तो नुसता गुरगुरतो आहे. पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे मिसळणारं एक साधन इथेच निकामी झालं.

उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी आरओच्या गोड्या पाण्यानं करायची, खाऱ्या पाण्यानं नाही, आणि रोज थोडी थोडी. नव्यानं मासे पाळणारे लोक मिठाचं पाणी घालतात आणि महिन्याभरात क्षारता चाळीसकडे नेतात.

शनिवारची मध्यरात्र उलटून १२.४०. उरले ५ तास २० मिनिटं

भिवंडीत लाईट गेल्याचं आधी कानाला कळतं. यंत्रमागांचा खडखडाट थांबतो आणि गल्ली एकदम मोकळी वाटते.

टाकीत वेव्हमेकर थांबला. फिल्टर थांबला. स्किमर थांबला. एका सेकंदात पाण्याचं सगळं चलनवलन संपलं.

या शहरात वीज हा विषय नवा नाही. लाखो मागांचं हे गाव विजेवर चालतं आणि एके काळी भारनियमनानं बेजार होतं. जानेवारी २००७ मध्ये महावितरणनं इथलं वितरण टोरेंट पॉवर या खासगी कंपनीकडे सोपवलं. देशातला हा अशा प्रकारचा पहिला मोठा प्रयोग होता. पण वितरण कुणाकडेही असलं तरी मोठी यंत्रणा बिघडू शकते. सोमवार, १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईत वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, काही भागांत अंधार रात्रीपर्यंत टिकला. त्या बिघाडात कळवा आणि पडघा यांच्यामधल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांचा मोठा भाग होता. आणि पडघा आपल्याच भिवंडी तालुक्यात आहे. देशाच्या आर्थिक राजधानीची वीज जिथून जाते त्या गावाच्या शेजारी राहूनही घरात अंधार होऊ शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

म्हणून समुद्री टाकी मांडताना “लाईट गेली तर” असा विचार करून भागत नाही. लाईट जाईलच असं धरूनच टाकी मांडायला हवी. या घरात इन्व्हर्टर आहे. त्यावर दोन पंखे, तीन दिवे आणि टीव्हीचा प्लग जोडलेला आहे. टाकीचा प्लग जोडलेला नाही.

रविवार, पहाटे १.३०. उरले ४ तास ३० मिनिटं

पाणी स्थिर आहे, आणि या टाकीत आता तोच सर्वांत मोठा धोका आहे. स्थिर पाण्यात प्राणवायू स्वतःहून फार संथ पसरतो. तासाभरात काही मिलिमीटर. पृष्ठभागाचा पातळ थर हवेतून प्राणवायू घेतो, पण तो खाली नेणारं कुणी नाही. खाली खर्च मात्र चालूच आहे. मासे श्वास घेतात. अंधारात शेवाळही प्राणवायू घेतं. आणि दोनदा टाकलेलं जास्तीचं अन्न कुजवणारे जिवाणू या सगळ्यांपेक्षा भुकेले आहेत. शिवाय पाणी ३१ अंशांवर आहे. तापमान वाढलं की माशाचं शरीर जास्त प्राणवायू मागतं आणि पाण्यात तो कमी मावतो.

शनिवारी सकाळी टाकलेलं खाणं आणि बंद केलेला पंखा आता एकत्र येऊन मासे मारत आहेत. हेच अन्न, पण खेळतं पाणी, तर मासे तगले असते. हीच लाईट, पण स्वच्छ तळ आणि २६ अंशांचं पाणी, तरी सकाळ दिसली असती.

पहाटे ३. उरले ३ तास

खाली कपाटातल्या कॅनिस्टरमध्ये काही लिटर पाणी बंद डब्यात अडकून आहे. हवेशी संपर्क नाही, प्रवाह नाही. नळाखालच्या धुण्यातून वाचलेले जिवाणू प्राणवायूशिवाय काम करू शकत नाहीत. ते आता तिथे गुदमरत आहेत. अडकलेलं अन्न आत सडतं आहे. अशा बंद डब्यात प्रवाह जितका वेळ थांबतो तितकं आतलं पाणी घातक होत जातं. खूप लांबलं तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईडही तयार होतो.

टाकीत कार्बन डायऑक्साईड साठतो आहे आणि त्यानं पीएच खाली उतरतो आहे. अमोनिया आता मिलिग्रॅमपर्यंत चढला आहे. पण पीएच उतरल्यामुळे त्यातला विषारी वाटा कमी झाला आहे. गुदमरणं आणि विषबाधा या दोन संकटांपैकी पहिलं दुसऱ्याला तात्पुरतं रोखून धरतं आहे.

पहाटे ४.३०. उरले दीड तास

मासे वर आले आहेत. तोंड पृष्ठभागाला लावून ते भराभर उघडझाप करतात, कारण प्राणवायू उरला आहे तो फक्त त्या पातळ थरात. प्राणवायू आता लिटरला अडीच मिलिग्रॅमच्या आसपास. डॅमसेल आडवे पडू लागले आहेत. क्लाऊन फिशची जोडी एकाच कोपऱ्यात आहे. कोळंबी खडकावर चढून पाण्याबाहेर मिशा काढते.

हे दृश्य पाहायला घरात माणूस असता, तर या क्षणीही उपाय होता, आणि त्याला पैसे लागत नव्हते. एक तांब्या घ्यायचा, टाकीतलंच पाणी भरायचं आणि हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतायचं. दहा मिनिटं ओतायचं, वीस मिनिटं थांबायचं, पुन्हा ओतायचं. पडणारं पाणी हवा सोबत घेऊन जातं. समुद्री मासे पाळणाऱ्या कितीतरी लोकांनी रात्र रात्र असं बसून टाक्या वाचवल्या आहेत.

पहाटे ५.१०. उरली ५० मिनिटं

माग पुन्हा सुरू झाले. लाईट आली.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, सुटलो. पण या टाकीचा सर्वांत क्रूर तास आता सुरू होतो.

वेव्हमेकर फिरू लागतो; पाण्यात प्राणवायू येऊ लागतो, हे खरं. पण त्याच वेळी कॅनिस्टरचा पंप आत कोंडलेलं सडकं, प्राणवायू संपलेलं पाणी सगळं एकदम टाकीत ढकलतो. आणि पाणी खेळतं होताच साठलेला कार्बन डायऑक्साईड हवेत उडून जातो, पीएच ७.७ वरून ८.१ कडे परत चढतो. एरवी ही आनंदाची बातमी. इथे मात्र अमोनिया तेवढाच आहे आणि त्याचा विषारी वाटा पीएचबरोबर वाढतो. ३० अंशांच्या समुद्री पाण्यात ७.७ पीएचला हा वाटा सुमारे तीन टक्के असतो, ८.१ ला सात टक्क्यांच्या पुढे जातो. अमोनियाचा एक थेंबही न वाढता विष दुपटीहून जास्त झालं.

पिशवीत लांबून आलेले मासे दुकानात पोचेपर्यंत जिवंत असतात आणि पिशवी उघडून ताजी हवा लागल्यावर ढासळतात, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असतं. रात्रभर गुदमरलेल्या, जखमी कल्ल्यांच्या माशांना सुधारणेचा हा वेग पेलत नाही. समुद्री टाकीत चांगल्या दिशेनं झालेला बदलही वेगानं झाला तर मारतो.

रविवार, सकाळी ६. शून्य

सहावा मासा, क्लाऊन फिशच्या जोडीतली मादी, तळाला टेकते. पाणी नितळ आहे. वेव्हमेकर व्यवस्थित फिरतो आहे. पीएच ८.१ आहे, शुक्रवारी सकाळी होता तेवढाच.

चूक शेवटच्या रात्रीची नव्हती

हा सगळा क्रम उलटा वाचला तर त्यात सहा जागा सापडतात, जिथे नुसता हात आवरला असता किंवा पाच मिनिटं दिली असती तरी मासे जगले असते. कड्या नळाखाली धुतल्या नसत्या, तर अमोनिया चढला नसता. जास्तीचं खाणं टाकलं नसतं, तर प्राणवायू इतक्या लवकर संपला नसता. पंखा चालू ठेवला असता, तर पाणी दोन-तीन अंशांनी थंड राहिलं असतं. काकूंना एका कागदाच्या पुडीत मोजून चिमूटभर खाणं देऊन “एवढंच” म्हटलं असतं, तर त्यांनी तेवढंच घातलं असतं. आरओचं पाणी भरून ठेवलं असतं, तर स्किमर चालला असता. आणि इन्व्हर्टरच्या लाईनवर टीव्हीऐवजी एक एअर पंप असता, तर बाकीच्या पाचही चुका होऊनसुद्धा बहुतेक मासे वाचले असते.

या शेवटच्या वाक्यासाठी हा सगळा घटनाक्रम मांडला. साधा एअर पंप तीन ते पाच वॅट वीज घेतो. घरातल्या १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर तो, इन्व्हर्टरचा स्वतःचा वापर धरूनही, रात्रभर सहज चालतो. इन्व्हर्टर नसेल तर लाईट गेली की आपोआप सुरू होणारे बॅटरीवरचे पंप मिळतात. पॉवर बँकेवर चालणारेही मिळतात. समुद्री टाकीच्या एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ आहे. क्रॉफर्ड मार्केटमधून मासे आणणारा माणूस मिठावर, दिव्यांवर, स्किमरवर हजारो रुपये घालतो आणि हा एक पंप राहून जातो.

लाईट आल्यानंतरची शिस्तही पाठ असायला हवी. आधी फक्त वेव्हमेकर आणि हवा सुरू करायची. कॅनिस्टर लगेच चालू करायचा नाही. त्याचं तोंड टाकीपासून सोडवून आतलं पाणी मोरीत ओतायचं, कड्या खाऱ्या पाण्यात विसळायच्या, मगच जोडायचा. अमोनिया मोजायचा. त्याच तापमानाचं, त्याच क्षारतेचं तयार खारं पाणी असेल तर पाव टाकी बदलायची. त्या दिवशी खाणं द्यायचं नाही.

हे तयार पाणी आधीच करून ठेवावं लागतं. आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ते ४० ग्रॅम समुद्री मीठ, पाकिटावर सांगितलेल्या प्रमाणात, घालून ते रात्रभर पंपानं ढवळत ठेवायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरनं क्षारता तपासायची. भिवंडीकरांना कधी कधी वाटतं, खाडी एवढी जवळ, मग मीठ विकत का घ्यायचं? कामवारी नदीत आणि पुढे खाडीत सायझिंग-डाईंगचं, शहराचं किती पाणी मिसळतं हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात खाडीची क्षारताही भरवशाची नसते. ते पाणी टाकीत घालू नये.

मोजण्याबद्दलही एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पुस्तकं योग्य आकडे देतात: तापमान २४ ते २७, क्षारता ३५, पीएच ८ ते ८.४. लोक या आकड्यांच्या मागे धावतात आणि एका संध्याकाळी पीएच ७.९ दिसला की बाटलीतलं रसायन ओतून तासाभरात ८.३ करतात. माशाला ७.९ सोसतो, एका तासातली ती उडी सोसत नाही. एकट्या आकड्यापेक्षा कालचा आकडा आणि आजचा आकडा यांतलं अंतर महत्त्वाचं. म्हणून टाकीजवळ एक वही ठेवावी. तारीख, तापमान, क्षारता, पीएच, किती पाणी घातलं, काय धुतलं. महिन्याभरात ती वही सांगू लागते की या घरातलं, या खिडकीजवळचं, या उन्हाळ्यातलं पाणी कसं वागतं. ते ज्ञान कोणत्याही दुकानात मिळत नाही.

भिवंडीत समुद्री मासे पाळावेत का? पाळावेत. नीट सांभाळलेला क्लाऊन फिश पंधरा वर्षांहून जास्त जगू शकतो; मूल शाळेत जाऊ लागल्यापासून कॉलेज संपेपर्यंत तो घरात असू शकतो. तारापोरवाला मत्स्यालयात शाळेच्या सहलीत काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या मुलांना तो समुद्र घरात हवासा वाटत आला, आणि त्या इच्छेत काही गैर नाही. फक्त खरेदीचा क्रम उलटा करावा. पहिल्या दिवशी बॅटरीवर चालणारा एअर पंप. मग थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर आणि अमोनियाचं किट. मग टाकी, आरओचं पाणी आणि मीठ. मग जिवाणू वसेपर्यंत महिना-दीड महिना रिकामी टाकी चालवण्याचा धीर. त्या काळात एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून चार तास पाहावं, काय थांबतं आणि काय चालू राहतं. ही परीक्षा टाकीनं पार केली, की मग मासा आणावा, आणि शक्य असेल तिथे समुद्रातून पकडलेला नव्हे तर पैदास केलेला. तो मासा काचेतच वाढलेला असतो. तरीही त्याच्या कल्ल्यांना हवा असतो तो समुद्राचाच सावकाशपणा, आणि टाकीत तो फक्त आपण देऊ शकतो.